लाईन आहे का?

आमच्या रक्तपेढीत दोन जावा होत्या. हाडामांसाच्या नव्हेत, लोखंडाच्या. काचेच्या खोलीत थंड हवेत ठेवलेल्या त्या दोन मोठ्या संगणकांना हे नाव मीच दिलं. बसवायला आलेल्या नागपूरच्या पोरांच्या बोलण्यातून मला एवढंच उमगलं होतं की थोरली आजारी पडली तर धाकटी लगेच चूल सांभाळते आणि घरात कोणी उपाशी राहत नाही. याला क्लस्टर म्हणतात, असं जहीरनं मला सांगून पाहिलं. मी म्हटलं, तू म्हण, मी जावाच म्हणणार. काही दिवसांत तोही जावाच म्हणायला लागला.

मी केसरबाई. चंद्रपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स म्हणून केस पिकवले आणि शेवटची वर्षं रक्तपेढीत काढली. जहीर आमचा संगणकवाला. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे बिघडलेल्या वस्तूवर जीव लावायची खोड त्याला घरातूनच लागलेली. मयुरी समोरच्या टेबलावर बसायची. मूल गावाकडच्या धानवाल्या घरातली पोरगी, बोलायला गोड, पण कामात कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. कोणत्या गटाचं रक्त कुठे किती आहे ते तिच्या पडद्यावर दिसायचं. चंद्रपूरच्या फ्रीजमध्ये किती, मूलच्या केंद्रात किती, अहेरीच्या केंद्रात किती. कुणाचा फोन आला की आम्ही पडद्याकडे पाहून सांगायचो, अमक्या ठिकाणी जा. पूर्वी याच कामासाठी फोन फिरवून फिरवून बोटं दुखायची, म्हणून त्या पडद्यावर आमचा भलताच विश्वास बसला होता.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मयुरी सकाळी आल्या आल्या आधी एकच ओळ पाहायची. बी निगेटिव्ह, अहेरी, एक पिशवी. तिची थोरली बहीण रंभा आष्टीजवळच्या गावात दिलेली, दिवस भरत आलेले, आणि तिची वार खाली होती. बाळंतपणात रक्त जाणार, हे डॉक्टरणीनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यात तिचा गट बी निगेटिव्ह, जो आमच्याकडे शोधूनही सापडायचा नाही. सासरच्यांना चंद्रपूर लांब वाटत होतं. म्हणून मयुरीनं माझ्या मागे लागून लागून एक पिशवी अहेरीच्या फ्रीजमध्ये पाठवून ठेवायला लावली. ती बहिणीच्याच नावाची आहे असं ती धरून चालायची, आणि खरं सांगायचं तर मीही. ती ओळ पाहिल्याशिवाय पोरगी चहाला हात लावायची नाही.

जावांना मात्र एक वाईट खोड होती. रक्ताच्या साठ्याचा हिशेब, छापायचं यंत्र, मूलची जोडणी, अहेरीची जोडणी, असं सगळं एका गाठोड्यात बांधलेलं होतं. यातलं एखादं पडलं आणि दोनतीनदा उठवूनही उठेना, की जहीरच्या भाषेत पलटी व्हायची. म्हणजे अख्खं गाठोडं थोरलीच्या डोक्यावरून धाकटीच्या डोक्यावर. ते होईपर्यंत सगळे पडदे गोठायचे आणि रांगेतले लोक आमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. सारखं पडणारं कोण, तर अहेरी. तिथली जोडणी छपरावरच्या मोठ्या छत्रीतून यायची. वारा सुटला की छत्री हलायची, आणि वानरांना तर तो पाळणाच वाटायचा. अहेरीला वानरानं उडी मारली की चंद्रपुरात आमचे हात थांबायचे. धाकटीलाही अहेरी उचलायची नाही, मग तीही गाठोडं परत थोरलीच्या गळ्यात टाकायची. असा खेळ दिवसातून कितीदा तरी चालायचा.

आम्ही करवादायचो. "पडली तुमची अहेरी" हे आमच्याकडे शिवीसारखं झालं होतं. पण पडली की जहीर लगेच चैतूला फोन लावायचा. चैतू हा अहेरीच्या दवाखान्यातल्या केंद्रातला आमचा एकुलता एक माणूस, माडिया आदिवासी घरातला, शब्द जपून वापरणारा. फोन ठेवून तो छपरावर चढायचा, वानरं हाकलायचा, छत्री सरळ करायचा, की आमचे पडदे हलायचे. त्रास होता, पण अहेरी पडली हे दवाखान्यातल्या झाडूवालीपर्यंत सगळ्यांना कळायचं.

गुणवंतराव आमचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, पण कोणासमोर मान खाली गेली की त्यांचा तोल जायचा. ट्रस्टचे पाहुणे आले होते, गुणवंतराव त्यांना मोठ्या हौसेनं रक्तपेढी दाखवत होते, आणि नेमकी पलटी झाली. गोठलेल्या पडद्यासमोर पाहुणे बराच वेळ उभे राहिले, मग हसून निघून गेले. गुणवंतरावांनी जहीरला बोलावून बजावलं, एका अहेरीपायी सगळ्यांनी का थांबायचं, तिच्यापुरती ही पलटी बंद करून टाका.

मी तेव्हा काचेच्या खोलीत जहीरसाठी चहा घेऊन गेले होते. त्यानं मला पडद्यावरचा एक बारीकसा चौकोन दाखवला. त्यात बरोबरची खूण होती.

"बाई, हे काय विचारते पाहा. हे पडलं तं बाकीच्याईवर परिणाम व्हावा का? खूण हाय तवरी सगळेच हलतेत. काढली का अहेरी एकटीच पडन. कोनाले तरास होनार नाई, अन् कोनाले समजनार बी नाई. पडद्यावर जुनाच आकडा दिसत राह्यीन."

मी म्हटलं, मग काढू नकोस. तो हसला, कारण काढायची की ठेवायची हे त्याच्या हातात नव्हतं. पण त्यानं सहजासहजी काढली नाही, हे मी सांगते. तो गुणवंतरावांकडे परत गेला आणि म्हणाला की अहेरी पडली तर पडद्यावर लाल खूण यावी, नाहीतर घंटा वाजावी, असं काहीतरी आधी करून घेऊ. गुणवंतराव म्हणाले, करू की, पुढे पाहू. पुढे पाहू म्हणजे काय, हे सरकारी काय आणि ट्रस्टचा काय, कोणत्याही दवाखान्यात एक दिवस काढलेल्याला ठाऊक असतं. शेवटी जहीरनं एवढं कबूल करून घेतलं की रोज सकाळी कोणीतरी अहेरीला फोन करून लाईन आहे की नाही ते विचारायचं. हे काम मयुरीकडे आलं, आणि तिनं ते आनंदानं घेतलं. बहिणीची पिशवी जिथे होती, तिथला रोजचा फोन तिला हवाच होता. मग जहीरनं ती खूण काढली.

आम्ही सुखी झालो. पडदे गोठेनात, रांग अडेना, वानरांची आठवणही कोणी काढेना. माझ्याही डोक्याचा ताप गेला. रोज सकाळी मयुरी फोन लावायची.

"चैतूभाऊ, लाईन हाय का?"

"हाय, बाई."

ती फोन ठेवायची, पडद्यावरची ती एक ओळ पाहायची आणि चहा घ्यायची. पुढे जहीरला मूलचं केंद्र नीट लावायला तिकडे जाऊन राहावं लागलं. तोही तिकडून फोन करून विचारायचा, अहेरीची लाईन? मयुरी सांगायची, हाय, आत्ताच विचारलं. मग तोही निश्चिंत व्हायचा.

त्या उन्हाळ्यात भारनियमनानं जीव नकोसा केला होता. आमच्या गावाबाहेर विजेच्या कारखान्याच्या चिमण्या धूर ओकतात, वीज इथे तयार होते आणि अंधारातही आम्हीच बसतो. दवाखान्यात जनरेटर होता म्हणून निभायचं. खेड्यातली माणसं आली की आधी लाईन कधी जाते, कधी येते याच्याच गप्पा. मयुरीच्या मूलकडच्या घरीही तेच रडगाणं होतं. ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो. त्या शब्दात काही अडकलंय असं कोणाच्याही मनात आलं नाही.

मग तो दिवस उजाडला. सकाळचा फोन झालेला होता, चहा झालेला होता. मी बाजूला बसून पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मयुरीच्या टेबलावरचा फोन वाजला. आष्टीच्या फाट्यावरच्या बूथमधून तिचे भाऊजी, रंभाचा नवरा आदेश, बोलत होते. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता.

"मयुरी, गाडी आष्टीले उभी हाय. रंभाच्या अंगावून लय जाऊन राह्यलं. चांद्याले आनू का अहेरीले नेऊ?"

आष्टीच्या फाट्यावरून एक रस्ता चंद्रपूरकडे येतो, म्हणजे जुन्या लोकांच्या चांद्याकडे, आणि एक रस्ता जंगलातून अहेरीला जातो. अहेरी बरीच जवळ. मयुरीनं पडद्याकडे पाहिलं. मीही मान वर करून पाहिलं. ओळ जागेवर होती. बी निगेटिव्ह, अहेरी, एक पिशवी. त्याच्या वरच्या ओळीत चंद्रपूर, दोन.

"अहेरीलेच न्या, भाऊजी. तिच्यासाठी पिशवी ठेवली हाय तिथी. मी आत्ताच पाह्यली."

आदेशनं फोन ठेवला. मयुरीनं लगेच अहेरीला लावला, की ऑपरेशनचं टेबल तयार ठेवा, पिशवी काढून ठेवा, माझी बहीण येते आहे. ती हे सगळं एका दमात बोलली. पलीकडून चैतूचा आवाज आला.

"बाई, ते पिशवी तं परवाच लावली. एक बाई आली होती, लय रक्त गेलं होतं तिचं. वाचली ते. मी लगेच कंपूटरात लिहिलं. दुसरी पाठवा म्हनून बी लिहिलं. तुमाले दिसलं नाई का?"

मयुरीनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, तुमी तं रोज लाईन हाय म्हनता."

"लाईन तं हायच, बाई. फ्रीज थंड हाय."

तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या सगळ्या मुलखात लाईन म्हणजे वीज. लाईन गेली म्हणजे अंधार झाला, लाईन आली म्हणजे पंखे फिरले. संगणक यायच्या आधीपासून रक्तपेढी चैतूला फोन करून हेच विचारत आली होती, लाईन आहे का, कारण वीज गेली तर फ्रीजमधलं रक्त खराब व्हायचं. तो फ्रीजला हात लावून बघायचा आणि खरं तेच सांगायचा. मयुरीही घरी वीज गेली की लाईन गेली असंच म्हणायची. फक्त इथे, जहीरच्या शेजारी बसून बसून, तिच्या तोंडात लाईन म्हणजे छत्रीची जोडणी झाली होती. छत्री कित्येक दिवसांपासून वानरांनी वाकडी करून ठेवली होती. चैतूच्या संगणकात लिहिलेलं तिथल्या तिथे साठत होतं, आणि सगळं चंद्रपूरला पोचतंय असं त्याला वाटत होतं. दुसरी पिशवी आठवड्याच्या गाडीनं येईलच, म्हणून तोही बोलला नव्हता. एक शब्द, दोघंही खरं बोलणारी, आणि त्यातून हे झालं. मला अजूनही त्या शब्दाचा राग येतो.

मी आष्टीच्या बूथवर फोन लावला. बूथवाला म्हणाला, जीप तेव्हाच गेली. मोबाईल त्या रस्त्याला कोणाकडे असणार. गाडी पुढे जात होती आणि इथून तिला हाक मारायची काही सोय नव्हती. चांदा लांब होता, पण इथे फ्रीजमध्ये दोन पिशव्या होत्या. आष्टीहून गाडी इकडे वळली असती तर आम्ही दारात उभ्या राहिलो असतो.

मी त्या दोन्ही पिशव्या बर्फाच्या डब्यात घातल्या आणि दवाखान्याची गाडी काढायला लावली. मयुरी डबा मांडीवर घेऊन बसली, मी तिच्या शेजारी. कोणी तिला चल म्हटलं नव्हतं आणि कोणी थांब म्हणायची हिंमत केली नाही. गोंडपिपरी मागे पडली, वैनगंगेचा पूल आला, नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. आष्टीच्या फाट्यावर गाडी वळली तेव्हा तिनं त्या बूथकडे पाहिलं. पुढे सागाचं जंगल लागलं, पानं झडलेलं, आणि रस्ता संपेचना. सबंध वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "बाई, भाऊजीनं मले इचारलं होतं, कुठी आनू म्हनून." मी तिचा हात धरला.

त्या दिवशी अहेरीचा आठवडी बाजार होता. चैतूनं बाजारातल्या एका कांदेवाल्याचा भोंगा मागून घेतला होता आणि गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत फिरला होता, की रक्त पाहिजे, या. माणसं आली, टोपल्या सोडून आली, दंड पुढे करून रांगेत उभी राहिली. चैतूनं प्रत्येकाचं रक्त तपासलं. कोणाचंच रंभाला चालणारं निघालं नाही. आम्ही पोचलो तेव्हा रांग अजून तशीच उभी होती, कारण आता जा म्हणून त्यांना सांगायला कोणाला सुचलं नव्हतं.

रंभा गेली होती. तिला झालेली पोरगी जगली होती. तिथल्या डॉक्टरणीनं आधी पोरगी बाहेर काढली आणि मग आईला धरून ठेवायचा जितका करता येईल तितका प्रयत्न केला, हे मी तिथली खोली पाहून सांगू शकते. आदेश बाकावर बसला होता. मयुरी डबा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्यानं नुसतं त्या डब्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं याच्यापेक्षा त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चैतू छपराकडे जाणाऱ्या शिडीपाशी उभा होता. मयुरी बाहेर आली तेव्हा तो पुढे झाला.

"बाई, लाईन होती. मी लबाड नाई बोललो."

"मालूम हाय, भाऊ," मयुरी म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

जहीर मूलहून परत आला तो सरळ काचेच्या खोलीत गेला. कोणाला न विचारता त्यानं ती खूण परत चौकोनात घातली. पुढे दोनच दिवसांनी अहेरीला वानरानं उडी मारली असावी, कारण आमचे सगळे पडदे एकदम गोठले. गुणवंतराव बाहेर आले. त्यांनी जहीरला सगळ्यांसमोरच विचारलं की हे परत का सुरू झालं. जहीरचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"साहेब, अहेरी पडली तं आपनबी पडू. नाई तं तिले आपल्यात धरू नका."

गुणवंतरावांना बोलायचं होतं. मग त्यांची नजर मयुरीच्या टेबलाकडे गेली, जिथे तेव्हा कोणी बसत नव्हतं. ते केबिनमध्ये परत गेले. रांगेतला एक जण करवादला, किती वेळ लागणार म्हणून. मी त्याला म्हटलं, अहेरी उठेपर्यंत. घंटा आणि लाल खूण यायला पुढे बरेच महिने लागले, पण आल्या. या गोष्टी आधीच आल्या असत्या तर, हे मी गुणवंतरावांना तोंडावर विचारलं. त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची कीवही आली आणि रागही गेला नाही.

मयुरी परत कामाला आली. सकाळचा फोन ती अजून करायची, पण आता चैतूला वेगवेगळं विचारायची. वीज आहे का. छत्री सरळ आहे का. मी पाठवलेला आकडा तिकडे दिसतो का. जुना शब्द तिनं तोंडातून काढून टाकला होता. आमच्यापैकी कोणी चुकून उच्चारला तर ती उठून बाहेर जायची, म्हणून आम्हीही जपून बोलायला लागलो.

रंभाची पोर मूलला आजीकडे वाढते. मी निवृत्त झाल्यावर एकदा मयुरीला भेटायला तिकडे गेले होते. संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, आम्ही ओसरीवर बसलो होतो. पोरगी तोवर दुडूदुडू धावायला लागली होती, दोन दोन शब्द जोडून बोलत होती. तेवढ्यात घरात दिवा लागला. पोरगी टाळ्या पिटत उठली आणि मयुरीच्या गळ्यात पडून ओरडली, "लाईन आली, मावशी, लाईन आली."

मयुरीनं तिला जवळ घेतलं. "वीज म्हन, बेटा," ती म्हणाली. "वीज."

"लाईन," पोरगी म्हणाली.